हात वर न करणाऱ्या बाई

मला घाम फार येतो. आत्ता हे लिहितानाही डोक्यावर पंखा गरगरतोय आणि तरी काखेत ओल आहेच. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, प्रकृती आहे. अहो, प्रकृती आहे हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, त्याला डॉक्टर कशाला हवा? भिंगारच्या आमच्या घरात माझ्या घामावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या मार्कांवर झाली नाही. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. त्यांचा पांढरा सदरा दोन-दोन दिवस चालायचा, गळ्यापाशी एक रेघ सोडली तर कोरा करकरीत. मी मात्र धुतलेलं ब्लाऊज अंगात घातलं की तासाभरात काखा ओल्याचिंब. आई म्हणायची, "ही मुलगी आहे की गळका माठ!" आणि मग स्वतःच हळहळायची, कारण ते ब्लाऊज तिलाच धुवायचं असायचं.

डागांवर आईकडे उपाय ढीगभर होते. लिंबाची फोड चोळ, मिठाच्या पाण्यात घाल, धुण्याच्या सोड्यात भिजव, उलटं करून उन्हात टाक. पण खरा चालायचा तो एकच. ब्लाऊज अंगावरून उतरल्याबरोबर, घाम ओला असतानाच, बादलीभर गार पाण्यात बुडवायचं. घाम वाळला की संपलं, आणि वाळल्यावर इस्त्री फिरली की तो पिवळा डाग कापडाबरोबरच जायचा. शिवाय तिने ब्लाऊजांना आतून जुन्या मऊ धोतराच्या दुहेरी पट्ट्या टाचून दिल्या होत्या, म्हणजे घाम आधी पट्टीने प्यावा आणि तेवढी पट्टी उसवून धुता यावी. भिंगारला नळ होता, आई होती, पट्ट्या होत्या. तोवर सगळं निभावलं.

मग मी डी.एड. झाले आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, मला कर्जत तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली. तात्पुरती. हा तात्पुरती शब्द माझ्या उरावर बसलेला असायचा. घरातून निघतानाच बोलणं झालं होतं. नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर गुपचूप परत यायचं आणि आत्याने आणलेल्या स्थळाला होकार द्यायचा. स्थळ वाईट नव्हतं हो. मुलगा बघायला बरा होता, घरची शेती होती. पण मला नको होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा एक खोली मिळाली होती, जिची कडी मी आतून लावू शकत होते आणि जिच्यात मी काय करते असं विचारायला कोणी नव्हतं. पत्र्याची खोली, कोपऱ्यात स्टो, एक खाट. त्या खाटेवर पडून मी छताकडे बघत हसायचे.

शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. तिसरी-चौथीला वयस्कर गुरुजी होते, स्वभावाने गरीब, सतत तपकीर ओढणारे. पहिली-दुसरी माझ्याकडे. आणि माझ्याकडे होती पांढरी ब्लाऊजं. डी.एड.च्या कॉलेजात पांढराच वेष होता, तेव्हा शिवलेलीच आईने ट्रंकेत भरून दिली. कोणी म्हणेल, रंगीत घालायची होतीस. घातली की! रंगीतावर ओल लांबून दिसते, आणि ती वाळली की मिठाची पांढरी कड उठते. पांढऱ्यावर निदान आज ओल आणि उद्या डाग, एवढा तरी अवधी मिळायचा.

पाणी नव्हतं हीच सगळी गोम होती. गावची विहीर आटलेली. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतायचा आणि निघून जायचा, की सगळं गाव दोर-कळशा घेऊन विहिरीवर. माझ्या वाट्याला घरमालकीण मावशी एक कळशी आणून द्यायच्या. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ. अंघोळ म्हणजे काय, तर ओल्या फडक्याने अंग पुसणं. त्यात ब्लाऊज कुठे बुडवू? मी संध्याकाळी ब्लाऊज काढायचे, वाटीभर पाणी घेऊन तेवढ्या काखा चोळायचे आणि खुंटीला टांगायचे. सकाळी बघावं तर डाग पुसला जायचा सोडून पसरलेला असायचा, कडा जास्तच गडद.

मावशी मायाळू होत्या, पण त्यांच्या उपायांनी माझी वाट लावली. म्हणाल्या, "बाई, राख लावा, राख. भांडी न्हाई का निघत?" मी लावली. काख राखाडी झाली. म्हटलं, नीळ टाकून बघू. पिवळ्यावर निळी नीळ बसली आणि डाग हिरवट दिसायला लागला, शेवाळ धरल्यासारखा. मग सुरकुत्या तरी जाव्यात म्हणून तांब्यात निखारे घातले आणि तो तांब्या ब्लाऊजवरून फिरवला. आई शंभरदा सांगायची, घामावर इस्त्री नको म्हणून. पण आई भिंगारला आणि मी इथे, आणि सकाळी मुलांसमोर उभं राहायचंय! तो डाग त्या दिवशी कायमचा बसला. मी ब्लाऊज खाटेवर आपटलं, वर दोन शिव्या घातल्या आणि मग तेच अंगात घालून शाळेत गेले.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवायची. दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं पुढे मुठीत धरायची. त्यामुळे आणखी उकडायचं, आणखी घाम यायचा, मग मी आणखी घट्ट लपेटायचे. कसलं डोकं म्हणायचं हे! पण तेव्हा सुचायचं तेवढंच. हात खांद्याच्या वर न्यायचाच नाही, हे एक ठरून गेलं. वरच्या खुंटीवरचा नकाशा मुलांकडून काढवायचा. घंटा गुरुजींनी द्यायची. फळ्यावर लिहायचं ते खालच्या अर्ध्यात. वरचा अर्धा फळा काळाभोर कोरा.

याचा परिणाम काय होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एके दिवशी गुरुजी माझ्या वर्गातल्या दोन-चार पाट्या घेऊन आले. म्हणाले, "बाई, ही कुठली नवी पद्धत?" बघते तर प्रत्येक पाटीचा वरचा अर्धा भाग कोरा आणि सगळी बाराखडी खाली दाटीवाटीने कोंबलेली. मुलांना वाटलं होतं, लिहायचं असतं ते अर्ध्यापासूनच. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी कानशिलं तापली. मी ठोकून दिलं, "लहान मुलांना वरचं दिसत नाही ना गुरुजी, म्हणून खाली लिहिते." गुरुजींनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चिमूटभर तपकीर ओढली आणि गेले.

होळीच्या सुमाराला मी कहर केला. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीत जंतुनाशक पावडरीचा डबा आला होता. ती पांढरी, नाकात झोंबणारी. तिने पाणी स्वच्छ होतं म्हणे. मी म्हटलं, पाणी स्वच्छ होतं तर कापड का नाही होणार? शिपायाकडून कागदाच्या पुडीत थोडी मागून घेतली, पाण्यात कालवली आणि घट्ट लापशीच डागांवर थापली. रात्रभर ठेवली. सकाळी डाग होता त्याहून पिवळाधमक. चोळायला गेले तर कापड बोटात आलं. दोन्ही काखांना रुपयाएवढी भोकं, आणि आईने लावलेल्या पट्ट्यांच्या चिंध्या. एक नाही, हुशारी करून मी तीन ब्लाऊजं एकदम थापली होती. खोलीत मी एकटीच, रडायला लाज कुणाची? चांगलं भोकाड पसरलं.

आता उरलेलं एकच धड, तेही हिरवट डागांचं. बाकी तिन्हींची भोकं आतून ठिगळं लावून बुजवली. पण कुजलेल्या कापडाला टाका कुठला धरतो? हात जरा ताणला की टरकन् आवाज. मग काय, कोपरं आणखी घट्ट.

अशाच एका सकाळी पहिलीतली एक चिमुरडी पायरीला अडखळून पडली. गुडघा फुटला. माझ्याकडे बघून तिने दोन्ही हात पसरले आणि "बाई, बाई" करत रडायला लागली. मी जिथल्या तिथे उभी. मला कळत होतं की उचलावं. पण अंगात तेच ठिगळाचं ब्लाऊज होतं, आणि समोर रस्त्यावरून बाया खडीच्या कामावर निघाल्या होत्या. मी चौथीतल्या एका मुलीला हाक मारली आणि तिला म्हटलं, "हिला उचल गं." त्या बायांमध्ये त्या पोरीची आई होती. डोक्यावर रिकामं घमेलं, हातात हातोडी. ती थांबली, तिने बघितलं आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी ती पोरगी शाळेत आली नाही.

मग एकेक मुलगी गळायला लागली. मला वाटलं, दुष्काळ आहे, कामावर पोरांना खायला सुकडी वाटतात, पोरं आयांच्या मागे जातात, त्यात माझं काय? मनाची अशी समजूत काढली, पण चैन पडेना. वर्गात मी येरझाऱ्या घालायचे. दारापाशी जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. गुरुजींच्या खोलीतून पाढ्यांचा कल्लोळ, आणि माझ्या खोलीत दोन-तीन मुलगे माशा मारत बसलेले.

आणि अशातच गुरुजींनी बातमी आणली. तपासणीला साहेब येणार. पाडवा उलटला की लगेच. "बाई, स्पष्टच सांगतो," ते म्हणाले, "पट एवढा खाली दिसला तर साहेब एक जागा कमी करा म्हणून लिहिणार. आणि कमी होईल ती तात्पुरती." मी म्हटलं, "म्हणजे मी." त्यांनी नुसता रुमाल झटकला.

त्या संध्याकाळी मी मावशींसमोर सगळा राग काढला. म्हटलं, या गावाला मुली शिकवायच्याच नाहीत, मी काय डोकं फोडून घेऊ? मावशी चुलीपुढे बसून मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापत होत्या. लाल, रुक्ष, थापता थापता फाटणाऱ्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बाई, एक बोलू का? राग धरू नका."

"बोला ना."

"बाया म्हनत्यात, बाई लई सोवळ्याची हाय. पोरगं जवळ गेलं की अंग आखडून घेती. पदर असा गुंडाळून बसती, कुनाचा वारा लागू नये म्हनून. त्या पोरीचं गुडघं फुटलं तरी हात लावला न्हाई म्हनं. आमच्या अंगाला वास मारतो, तर मारू दे, पर लेकराला कशाला हिडीसफिडीस?"

मला जो संताप आला! माझ्या घामाची मला लाज, म्हणून मी मेली स्वतःला बांधून घेते, आणि या म्हणतात मला त्यांच्या घामाची किळस! "अहो मावशी, उलटं आहे सगळं," मी ओरडलेच. पण उलटं म्हणजे कसं, ते सांगायला काख दाखवावी लागली असती. ते काही मला जमेना. मी खोलीत गेले, कडी लावली आणि भिंतीपासून खाटेपर्यंत, खाटेपासून भिंतीपर्यंत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ खडीच्या कामावर गेले. गावाबाहेर नवा रस्ता निघत होता. ऊन असं की डोळे उघडे ठेववत नव्हते. बाया ओळीने बसून दगड फोडत होत्या, काही घमेल्यांतून खडी वाहत होत्या. प्रत्येकीच्या खणाच्या चोळीवर पाठीला, काखेला मिठाचे पांढरे थर. कोणालाही त्याचं काही नव्हतं. मुकादम लांब बाभळीखाली बसलेला. माझ्या वर्गातल्या मुली एका फडक्याच्या सावलीला धाकटी भावंडं सांभाळत होत्या. मला बघून त्या आधी हसल्या आणि मग आयांकडे बघून गप्प झाल्या.

मी भाषण तयार करून गेले होते. शिक्षणाचं महत्त्व वगैरे. एक वाक्य म्हटलं आणि पुढचं तोंडातच राहिलं. हातोड्या थांबेनात. एक म्हातारी म्हणाली, "बाई, जरा लांबच उभ्या ऱ्हावा. धूळ लागंल." दुसरी फिस्सकन् हसली. मी पदर मुठीत आवळून उभी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि घामाच्या धारा कोपरापर्यंत ओघळताहेत. वाटलं, जावं झालं परत. भिंगारला तर भिंगारला. घ्यावं ते स्थळ एकदाचं पदरात.

तेवढ्यात त्या चिमुरडीच्या आईचं घमेलं भरलं. काठोकाठ खडी. आता, भरलेलं घमेलं एकटीला डोक्यावर घेता येत नाही. जवळ जो असेल त्याने समोरून हात लावायचा, ही त्या कामावरची रीत. बाप्या असो, पोर असो, वाटसरू असो, जवळच्याने नाही म्हणायचं नसतं. आणि तिच्या सगळ्यात जवळ मी होते. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकून घमेल्याचा एक कान धरला आणि माझ्याकडे न बघताच रोजच्या सवयीने म्हणाली, "जरा हात लावा." म्हणाल्यावर तिच्या लक्षात आलं, समोर कोण आहे. तिचा चेहरा कडवट झाला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "तुमी नगा."

ते "तुमी नगा" मला झोंबलं. असं झोंबलं की मी पुढे झाले, दुसरा कान धरला आणि म्हटलं, "उचला." घमेलं जड होतं, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग डोक्यावर ठेवायला दोन्ही हात वर. पदर घसरून खाली गेला. दोन्ही काखांतून एकदमच टर्र आवाज झाला. ठिगळं लोंबायला लागली. हिरवट पिवळे डाग, भोकं, ओल, सगळं भर उन्हात उघडं. आणि हात काढता येईनात, कारण घमेलं अजून तिच्या चुंबळीवर नीट बसलं नव्हतं.

हातोड्या थांबल्या. अशा थांबल्या की लांब बसलेला मुकादमही मान वर करून बघायला लागला.

"अगं बया," ती म्हातारी उठूनच उभी राहिली. "बाईला तर आपल्यापरास घाम हाय!"

मी हात खाली घेतले. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आणि मला कुठून बळ आलं कोण जाणे, मी त्या सगळ्यांवर खेकसले. "हो, आहे! लहानपणापासून आहे! धुवायला पाणी नाही, डाग जात नाहीत, म्हणून अंग आखडून घेते. विहिरीतली पावडर लावली तर कापड जळलं. तुमच्या पोरींची किळस येते म्हणून नाही. माझीच मला लाज वाटते म्हणून. कळलं?"

मग एकीला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि बघता बघता सगळी ओळ खदाखदा हसायला लागली. "विहिरीची पावडर काखंला लावली म्हनं!" कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. मला आधी राग आला, मग माझंच मला हसू आलं. हसता हसता रडू यायला लागलं, तसं मी पदराने तोंड पुसलं.

त्या चिमुरडीची आई मात्र हसली नाही. डोक्यावरचं एवढं ओझं तसंच तोलून ती उभी होती. म्हणाली, "शाळंत तर पत्र्याखाली सावली हाय. बसून काम. मग एवढा घाम कशापायी?"

"भीतीने," मी म्हटलं. खरं ते तोंडातून निघून गेलं. "साहेब येणार आहेत. मुली दिसल्या नाहीत तर माझी नोकरी जाईल. मग मला घरी जावं लागेल, आणि मला जायचं नाही."

घमेलं घेऊन ती रस्त्याच्या टोकाकडे चालायला लागली. मीही निघाले. कोणी मुली पाठवते म्हणालं नाही, कोणी नाही पाठवत असंही म्हणालं नाही. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुली काही आल्या नाहीत. जेवण जाईना, झोप लागेना, मुलांना दोनचा पाढा सांगताना मीच चुकायचे. मावशींना विचारावं तर त्या म्हणायच्या, "बगू की."

तपासणीच्या सकाळी मी ते एकुलतं धड ब्लाऊज घातलं. शाळेच्या दारात अशा खेपा घातल्या की गुरुजी वैतागून म्हणाले, "बाई, बसा हो एका जागी, मला चक्कर येतेय." वर्गात तेच दोन-तीन मुलगे. साहेब एसटीने आले, फाट्यापासून चालत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी प्यायले, घाम पुसला आणि सरळ माझ्या वर्गात शिरले. रिकाम्या बसकरांवरून त्यांनी नजर फिरवली. "मुली?" त्यांनी विचारलं.

गुरुजी दुष्काळ, कामं, सुकडी असं काहीबाही बोलायला लागले. साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. कामावर निघालेल्या बाया रस्ता सोडून शाळेच्या अंगणात आल्या होत्या, हातोड्या-घमेल्यांसकट. एकेकीने आपापली पोरगी दारातून आत ढकलली. तोंडं धुतलेली, केस चोपून बसवलेले. एवढं पाणी त्यांनी कुठून काढलं असेल, देव जाणे. सगळ्यात शेवटी ती चिमुरडी आली आणि तिच्या मागे उंबऱ्याशी तिची आई. माझी जागा राहिली, हे आधीच सांगून टाकते. वर्षभराने कायमही झाले, आणि त्या खोलीची कडी मी पुढे पुष्कळ वर्षं आतून लावली. पण त्या वेळी ते मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी साहेब तिच्याकडे वळले होते.

"काय हो, मुलगी इतके दिवस का नाही पाठवलीत?" साहेबांनी विचारलं. "बाई नीट शिकवत नाहीत का?"

ती माझ्याकडे बघायला लागली. एका शब्दात ती मला घालवू शकत होती, आणि तिला ते कळत होतं.

"शिकवत्यात की," ती म्हणाली. "आमालाच उशिरा कळलं." मग तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला, तिला माझ्याकडे सरकवलं आणि साहेबाला सोडून माझ्याशीच बोलली. "बाई, माझा सारा जलम उनात घाम गाळन्यात चाललाय. हिला एवढं शिकवा, की हिला बी तुमच्यावानी सावलीत बसून घाम यावा."

साहेब हसले. गुरुजींना म्हणाले, या मुलीची आई मोठी गमतीची आहे. मला काही हसता आलं नाही. माझ्या काखा भिजल्या होत्या, आणि त्याच ओल्या काखांकडे बघत ती बाई उंबऱ्यात उभी होती.